मलबारचा किनारा: आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर आहे, काय बघावं?

निखिल_वाडी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. आई (६६), बाबा (७०), बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, असे आम्ही पाच जण केरळला जायचं म्हणतोय. इथल्या एका एजंटने कार्यक्रम आखून दिला: कोची, मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, कोवळम, सगळं सहा रात्रींत. म्हणजे रोज पाच-सहा तास गाडीत. बाबांचे गुडघे दुखतात आणि त्यांना डोंगर बघायचेच नाहीत. ते इतिहास वाचणारे. म्हणतात, "वास्को द गामा उतरला ती जागा दाखव, बाकी तुम्हाला हवं ते बघा." मुलीला समुद्र हवाय. आईला अंडंसुद्धा चालत नाही.

बडोद्याहून थेट गाडी मिळते का? उत्तर केरळ, म्हणजे कोझिकोड-कण्णूरकडचा भाग, कुणी पाहिलाय का? मुलीला पाण्यात सोडण्यासारखा किनारा कोणता? आणि आईच्या जेवणाचं काय? अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज. जाहिराती खूप वाचून झाल्या.

माई_दांडियाबाजार

निखिल, आधी तो कार्यक्रम बाजूला ठेव. आम्ही नणंदा-भावजया चौघी तीन वर्षांपूर्वी अगदी असाच एक घेऊन गेलो होतो. सहा दिवस केरळ पाहिलं ते गाडीच्या काचेतून. पुढच्या जानेवारीत मी पुन्हा गेले, फक्त धाकट्या जावेला घेऊन, आणि दहा दिवस कोझिकोड-कण्णूर सोडून कुठे हलले नाही. खाली लिहितेय ते त्या दुसऱ्या खेपेचं.

मी का गेले ते सांगते, म्हणजे माझा कल तुला कळेल. आमच्याकडे चैत्रात विक्रीसाठी गोडा मसाला होतो. सासूबाईंच्या हातची वही आहे. त्यात धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर सगळं नुसत्या नावानं लिहिलंय, पण मिऱ्यांपुढे मात्र 'मलबारी' असा शब्द आहे. तीस वर्षं मी मांडवीतल्या दुकानात जाऊन 'मलबारी मिरे द्या' म्हणत आले. तो मलबार कसा असेल, हे मनात घोळत राहिलं होतं.

कोझिकोडच्या किनाऱ्याला लागूनच वलियंगाडी नावाची घाऊक पेठ आहे. वलिय म्हणजे मोठा, अंगाडी म्हणजे बाजार. सकाळी लवकर जा. तांदळाची पोती वाहणाऱ्या हातगाड्या, खोबऱ्याचा वास, आणि दुकानांच्या पायऱ्यांवर सुंठ-मिऱ्यांचे नमुने. एका वयस्क व्यापाऱ्याला मी मोडक्या हिंदीत म्हटलं की मला मिरे घ्यायचेत त्याआधी समजून घ्यायचेत. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि अर्धा तास शिकवलं. एक लिटरच्या मापात मिरे भरून वजन करायचं. साडेपाचशे ग्रॅम भरले तर दाणा भरीव. पाण्यात टाकले की चांगले मिरे तळाशी जातात. पोकळ दाणे आणि भेसळीच्या पपईच्या बिया वर तरंगतात. 'तेलीचेरी' म्हणून जे महाग विकतात, ती काही वेगळी जात नाही. वेलीवर जास्त दिवस राहिलेला, सव्वाचार मिलिमीटरपेक्षा मोठा दाणा चाळून वेगळा काढतात, तोच. तेलीचेरी हे थलश्शेरी गावाचं इंग्रजी काळातलं नाव. तीस वर्षं मसाला करून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्याच भागात गुजराती स्ट्रीट आहे. हो, कोझिकोडात. मिरे, सुंठ, खोबरं यांच्या व्यापारासाठी कच्छ-सौराष्ट्रातून आलेली घरं तिथे पिढ्यान्पिढ्या राहिली. एका दारात आजीबाई बसल्या होत्या. मी गुजरातीत बोलले, बडोद्याची म्हटलं, तर त्यांनी आतून खुर्च्या मागवल्या आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. त्या कधी बडोद्याला आल्या नव्हत्या. पण कोणत्या महिन्यात वारा फिरला की गलबतं इकडून तिकडे जायची, हे त्यांना सासऱ्यांकडून ऐकून माहीत होतं.

हे बाबांना जरूर सांग. पहिल्या शतकात एका ग्रीक माणसाने लाल समुद्रापासून आपल्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात मिऱ्यांचं बंदर मुझिरिस आहे आणि आपलं भरूचसुद्धा आहे, बारिगाझा या नावानं. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी अवघड की राजाचे कोळी होड्या घेऊन पुढे जायचे आणि परदेशी गलबतांना वाट दाखवत आत आणायचे, असं त्यात लिहिलंय. बडोद्याहून सत्तर किलोमीटरवरच्या ज्या पुलावरून आपण सुरतेला जाताना डुलक्या घेतो, तिथली ही गोष्ट. मलबारला गेल्यावर मला भरूच पहिल्यांदा नीट दिसलं.

आता वास्को द गामा. कोझिकोडच्या उत्तरेला कापाड म्हणून गाव आहे, ऑटोने पाऊण तास. तिथे एक दगडी खांब आहे, त्यावर १४९८ साली तो इथे उतरला असं कोरलंय. खांब अगदी साधा आहे, बाबांना आधी सांगून ठेव. काही अभ्यासक म्हणतात की जहाजं कापाडसमोर थांबली आणि तो प्रत्यक्ष उतरला थोडं वर, पंतलायनीला. पण बाबांना तिथे उभं करून सामुतिरीच्या दरबारातली हकिगत सांग. सामुतिरी म्हणजे कोझिकोडचा राजा, ज्याला आपण पुस्तकात झामोरिन वाचलं. गामाने नजराणा म्हणून आणलं काय, तर पट्ट्यापट्ट्यांचं कापड बारा नग, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखर, थोडं तेल, थोडा मध. राजाची माणसं ते बघून हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. गामाच्याच माणसाने रोजनिशीत हे लिहून ठेवलंय. एवढ्या श्रीमंत बंदरात तो आला होता, हे त्या यादीवरून जितकं कळतं तितकं कुठल्या स्मारकावरून कळत नाही.

कुट्टिच्चिरा चुकवू नकोस. मोठं तळं, काठावर जुनी घरं, आणि मिश्काल मशीद. चौदाव्या शतकात मिश्काल नावाच्या एका अरब गलबतमालकाने ती बांधली. मिनार नाहीत, मजल्यावर मजला लाकडाचा आणि उतरती कौलारू छपरं, केरळी देवळासारखी. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिला आग लावली होती. आत जायचा हट्ट धरू नये. आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसून संध्याकाळ काढली, कुणी हटकलं नाही.

मुलीसाठी: कोझिकोडचा शहरातला किनारा संध्याकाळी फिरायला आणि खायला, डुंबायला नाही. पाण्यात जायचं तर कापाड. त्या किनाऱ्याला २०२० साली 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालं. स्वच्छ आहे, जीवरक्षक असतात. आणि कण्णूर-थलश्शेरीच्या मधे मुळप्पिलंगाड: चार किलोमीटर घट्ट वाळू, जिच्यावरून मोटारी चालतात. समुद्रात काळे खडक आहेत, त्यांच्यामुळे लाटा आतपर्यंत जोरात येत नाहीत. तुझ्या बाबांना तिथे वाळूत चालावंही लागणार नाही, गाडी पाण्याच्या कडेपर्यंत जाते.

विट्याचा_गलाईवाला

माईंनी मस्त लिहिलंय. मी मूळचा विट्याकडचा, गलाईच्या धंद्यात. मोठा भाऊ बडोद्यात, मी गेली एकोणीस वर्षं कोझिकोडात. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं केरळात गावोगावी सोनं गाळायच्या दुकानात सापडतील, तेव्हा मराठी ऐकायला मिळालं तर नवल वाटून घेऊ नका.

गाडीचं: बडोद्याहून थेट गाड्या हायत. ओखा–एर्णाकुळम, गांधीधाम–नागरकोइल, दोन्ही वसईवरून कोकण रेल्वेनं मडगाव, मंगळूर करत इकडं येतात. रोज नाहीत, वार बघून घ्या. सव्वा दिवसाचा प्रवास धरा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. डिसेंबरला सकाळी आठ वाजता बसूनच काढावं लागतं. ज्येष्ठांना खालचा बर्थ मागा. मी तर म्हणतो कोकण रेल्वेचा दिवसाचा पट्टा हीच निम्मी सहल, लेकीला खिडकी द्या.

राहायला किनाऱ्याजवळ किंवा मानांचिराच्या आसपास बघा. मानांचिरा म्हणजे सामुतिरीच्या वेळचं तळं, आता भोवती बाग हाय. तिथून मिठाई तेरुवु चालत. हलव्याची दुकानं ओळीनं. लाल, हिरवा, काळा, खोबरेल तेलातला हलवा, वडीसारखा कापून देतात. केळ्याचे वेफर समोर कढईत तळून घ्या. हेही खोबरेलात. आईंना पहिल्या दिवशी वास जाणवेल, दुसऱ्या दिवशी सवय होते. इथले ऑटोवाले मीटरनं जातात आणि सुटे पैसे परत देतात, घासाघीस करायची गरज नाही.

बाबांना बेपूरला न्याच. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, चालियार नदीच्या मुखाशी. तिथं लाकडी जहाजं बांधतात, त्याला उरू म्हणतात. अरबस्तानातली मोठी माणसं अजून मागवतात. कागदावर नकाशा नसतो, सगळा हिशेब मेस्त्रीच्या डोक्यात. जहाज पाण्यात लोटायचं काम करणाऱ्यांना इकडं खलाशी म्हणतात. आपल्याकडं खलाशी म्हणजे जहाजावर काम करणारा, इथं दोरखंड आणि चरकी लावून अवजड वस्तू हलवणारा. गाणं म्हणत ओढतात. कधी काम चालू असतं, कधी नुसता सांगाडा उभा असतो. आत शिरण्याआधी विचारा, नाही म्हणत नाहीत सहसा. तिथूनच नदी ओलांडायला बोट हाय, मोटारीसकट पलीकडं चालियमला नेते. मुलांना लई आवडतं.

अजून एक. वडकरेच्या अलीकडं इरिंगल गावात कुंजाली मरक्कारांचं घर आणि छोटं संग्रहालय हाय. सामुतिरीच्या आरमाराचे प्रमुख. आपल्याला आंग्रे ठाऊक, तसे हे इकडचे, आंग्र्यांच्या शंभर-दीडशे वर्षं आधीचे. चौथ्या कुंजालीचं सामुतिरीशी बिनसलं, राजानं पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली, आणि शरण आलेल्या कुंजालीला त्यांनी गोव्याला नेऊन १६०० साली मारलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस डोक्यातनं जाईना. स्वतःच्याच राजानं हवाली केला.

सुहास_मकरपुरा

माईंशी एका बाबतीत मी सहमत नाही. कोची पूर्ण सोडू नका. बाबा इतिहासाचे असतील तर दोन दिवस तरी काढाच.

कारण असं की मुझिरिस संपलं आणि कोची सुरू झालं, ही एकाच पुराची गोष्ट मानतात. १३४१ मध्ये पेरियार नदीला प्रचंड पूर आला, जुन्या बंदराचं मुख गाळानं भरलं आणि कोचीकडे खोल पाण्याची वाट उघडली. गाडी कोझिकोडहून एर्णाकुळमला येताना तुम्ही त्याच पेरियारवरून जाता. जुन्या मुझिरिसच्या भागात पट्टणम नावाच्या खेड्यात २००७ पासून उत्खनन झालं. भूमध्य समुद्राकडच्या सुरया, म्हणजे दारू-तेलाच्या निमुळत्या मातीच्या घागरी, त्यांचे तुकडे तिथे ढिगानं सापडले. कोडुंगल्लूरहून बोटीनं तो सगळा परिसर दाखवतात.

माझी बायको कारवारची सारस्वत. आम्ही मट्टनचेरीला चेरलाई भागात तिरुमल देवस्वमच्या देवळात गेलो. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोंकणी घरं सोळाव्या शतकात इथे येऊन राहिली. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईनं बायकोला कोंकणीत विचारलं, आणि बायकोनं तिच्या कारवारी कोंकणीत उत्तर दिलं. दोघींचे शब्द थोडे इकडे-तिकडे होते, पण गप्पा वीस मिनिटं चालल्या. साडेचारशे वर्षं ती भाषा परक्या मुलखात घरात सांभाळली गेली! मला त्या दिवशी आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांची आठवण झाली. माझी मुलं घरात मराठी बोलतात ती आईच्या हट्टामुळे, हे मी तिथे उभं राहून बायकोला सांगितलं.

व्यवहाराचं: मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं सिनेगॉग (१५६८ चं) शनिवारी बंद आणि शुक्रवारी दुपारनंतरही. त्यामुळे कोचीचे दिवस रविवार ते गुरुवारमध्ये बसवा. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, राजाला खूश करायला. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं; पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या, जागा अजून दाखवतात. म्हणजे बाबांना गामाची सुरुवात कापाडला आणि शेवट कोचीला. गुडघ्यांसाठी वॉटर मेट्रोची बोट घ्या. चढउतार सपाट, बसायला जागा, तिकीट स्वस्त. आणि आईंना सांगा, मट्टनचेरीत गुजराती वस्ती मोठी आहे, जैन देरासर आहे, दुपारी बाराच्या सुमारास तिथे कबुतरांना दाणे टाकतात. गुजराती थाळी सहज मिळते.

निखिल_वाडी

एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबांना सगळं वाचून दाखवलं. नजराण्याची यादी त्यांनी दोनदा वाचायला लावली. कुंजालीचं ऐकून गप्प बसले.

आता असं ठरतंय: एजंटला नाही सांगायचं. पाच रात्री कोझिकोड-कण्णूर, दोन कोची, बाकी गाडीत. माई, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. कोझिकोडात आईला नाश्त्याला काय? आणि कण्णूरला मुक्काम करावा की कोझिकोडहूनच जाऊन यावं?

माई_दांडियाबाजार

सुहास, तुझं पटलं. कोचीला मी त्या पहिल्या घाईत गेले होते, त्यामुळे माझ्या मनात तिथली फक्त गर्दी राहिली. चेरलाईचं देऊळ मला कुणी दाखवलंच नाही.

निखिल, मुक्काम कर. रेल्वेनं दीड तासाचंच अंतर आहे, पण कण्णूरला दोन रात्री राहिलास तर परश्शिनिकडव्याला पहाटे जाता येईल. मुत्तप्पनाचं देऊळ, नदीकाठी. तेय्यम, म्हणजे माणसाच्या अंगी देव उतरतो असं मानून केलेला इथला नाच-विधी, एरवी गावोगावच्या जत्रांतून रात्रभर चालतो. म्हाताऱ्या माणसांना जागरण झेपत नाही. इथे मात्र रोज सकाळ-संध्याकाळ होतो. रंगवलेला, मुकुट चढवलेला माणूस देव होऊन समोर येतो आणि भाविकांचं गाऱ्हाणं हात हातात घेऊन ऐकतो. माझ्या जावेनं मराठीत सांगितलं, त्यानं मल्याळममध्ये उत्तर दिलं. ती रडत बाहेर आली आणि म्हणाली, कळलं मला. देवाला मासळी आणि ताडी वाहतात, आईंना आधी कल्पना दे. प्रसाद मात्र शाकाहारी: उकडलेलं कडधान्य, ओल्या नारळाचा तुकडा आणि चहा. मुलीला सांग, मुत्तप्पनाचं वाहन कुत्रा आहे, देवळात कुत्रे निर्धास्त हिंडतात.

किल्ला बघायचा तर कण्णूरचा सेंट अँजेलो, १५०५ चा, पोर्तुगीजांचा. मग तो डचांकडे गेला, त्यांनी अरक्कलच्या मुसलमान राजघराण्याला विकला, शेवटी इंग्रजांनी घेतला. तटावर फारसं चढावं लागत नाही. संध्याकाळी समुद्र तिथून सुरेख दिसतो.

नाश्ता: पुट्टू आणि कडला. तांदळाच्या पिठाचा नळकांड्यात वाफवलेला, मधे ओलं खोबरं, सोबत काळ्या हरभऱ्याची उसळ. आईंना आपल्या सेवउसळीतली उसळ आठवेल, फक्त खोबरेलातली. अप्पम आणि भाज्यांचा इश्टू मुलीला आवडेल, तिखट नाही. पाटीवर 'व्हेज' लिहिलंय ना हे पाहून आत जा, अशी हॉटेलं प्रत्येक बाजारात आहेत. जेवताना गुलाबी रंगाचं कोमट पाणी ठेवतात, ते बघून दचकू नका. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचं असतं, औषधी. किनाऱ्यावर मिठाच्या पाण्यातले आवळे, कैरी, अननस, गाजर बरण्यांतून मांडलेले असतात. एक बरणी मी उघडून खाल्ली आणि दुसरी घरी आणली.

इकडच्या बऱ्याच देवळांत पुरुषांना सदरा काढावा लागतो आणि धोतर किंवा मुंडू नेसावं लागतं, बाबांसाठी एक पातळ धोतर बरोबर ठेव.

आणि मिरे घेतलेस तर वलियंगाडीतच घे, विमानतळावरच्या रंगीत डब्यांतले नकोत. डिसेंबरात नवं पीक नुकतंच उतरायला लागतं, कधी दाण्यात ओल राहते. घरी आल्यावर दोन दिवस गच्चीवर कापडावर उन्हात घाल, हातात घेतल्यावर खळखळ वाजले की काचेच्या बरणीत भर. मूठभर दाणे वाटीभर पाण्यात टाकून बघायला मुलीला दे. किती बुडले ते तिलाच मोजू दे आणि मला कळव.